चंद्रावरचे शेरे

आमच्या इमारतीचं ग्रंथालय चंद्रावर ठेवायचं ठरलं, तेव्हा त्यात हसण्यासारखं काही आहे असं मला अजिबात वाटलं नव्हतं. आजही वाटत नाही. हसतात ते इतर लोक, आणि त्यांत माझ्याच घरातल्या दोघी धरायच्या.

मी या ग्रंथालयाचा मानद सचिव. मानद म्हणजे ज्याला लोक मान देतात तो, असा माझा बरीच वर्षं समज होता. प्रत्यक्षात किल्ली ज्याच्याकडे असते आणि बोलणी ज्याला बसतात, त्याला मानद म्हणतात. तळमजल्यावर जिन्याशेजारची एक खोली, भिंतभर कपाटं, एक टेबल, एक शिक्का आणि शिक्क्याची शाई, एवढा माझा कारभार. पुस्तक बाहेर गेलं की शिक्का, आत आलं की शिक्का. पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क म्हणून उभा जन्म गेल्यामुळे शिक्का मारण्यात माझा हात धरणारा माणूस सापडायचा नाही. आता तुम्ही विचाराल, यांतली पुस्तकं वाचली किती? तर बँकेचा खजिनदार नोटा मोजतो, उडवत बसत नाही. पुस्तकं सांभाळणं आणि पुस्तकं वाचणं ही दोन वेगळी खाती आहेत. दोन्ही एकाच माणसाच्या हाती दिली की कारभार बिघडतो, असं माझं अनुभवाचं मत आहे.

तर इमारतीच्या सभेत अध्यक्षांनी ठराव मांडला, की ग्रंथालयाची खोली रिकामी करून तिथे व्यायामाची यंत्रं बसवावीत. हे अध्यक्ष पहिल्या मजल्यावर राहतात आणि खाली यायला लिफ्ट वापरतात. त्यांना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. रस्त्यावर चाललं की ओळखीचे लोक भेटतात आणि इमारतीच्या गळक्या टाकीबद्दल विचारतात, म्हणून त्यांना एकाच जागी उभं राहून चालायचं होतं.

"आणि पुस्तकांचं काय?" मी विचारलं.

"रद्दी," अध्यक्ष म्हणाले.

मी सुन्न झालो. निदान कोणीतरी 'अरेरे' म्हणेल म्हणून सभेकडे पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर जांभई देत होते आणि तिसऱ्या मजल्यावरचे विमावाले त्यांच्या जांभईत डोकावून पाहत होते. ठराव मंजूर झाला. ग्रंथालय माझ्या कारकिर्दीत रद्दीत गेलं, असं माझ्यामागे लोक म्हणणार, या विचाराने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण चव लागली नाही.

अशा वेळी पेपरात ती जाहिरात दिसली. एक कंपनी जगभरातली पुस्तकं चंद्रावर नेऊन ठेवणार होती. पुस्तकाचं पान न् पान धातूच्या चकतीवर इतकं बारीक कोरायचं, की अख्खं कपाट डब्याच्या झाकणात मावावं. मग त्या चकत्या यानातून चंद्रावर. तिथे पाऊस नाही, वाळवी नाही, आग नाही, अध्यक्ष नाहीत. कोट्यवधी वर्षं अक्षर जसंच्या तसं राहणार. छोट्या ग्रंथालयांसाठी ही सोय फुकट.  ज्या माणसाला तळमजल्यावरून हुसकावून लावत होते, तो एकदम चंद्रावर जाणार होता!

मी अर्ज केला, आणि कंपनीने आम्हाला निवडलं. का निवडलं हे मी विचारलं नाही. चांगली गोष्ट घडली की कारण विचारू नये, नाहीतर चूक लक्षात येते.

बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. आमच्या इमारतीत टाकी दुरुस्त करायला माणूस मिळत नाही, पण सल्ला द्यायला जिन्यात रांग लागते. विमावाले म्हणाले, "चोरी झाली तर तक्रार कुठल्या चौकीत करायची, ते आधी लिहून घ्या." दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "वर ठेवलेलं खाली पडणार नाही ना? नाही, पडलं तर कोणाच्या डोक्यावर, ते बघायला हवं." अध्यक्षांना खोली रिकामी होणार याचाच आनंद. ते मला जिन्यात भेटले की वर बोट दाखवून "काय, कधी?" असं विचारायचे. समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला वाटे, मीच जायला निघालोय.

घरी मात्र विचित्र प्रकार झाला. तो सांगण्याआधी आमच्या घरातली पद्धत सांगायला हवी.

माझी आई आणि माझी बायको एकमेकींशी बोलत नाहीत. भांडण असं नाही. फार पूर्वी बाहेरच्या खोलीच्या पडद्यांच्या रंगावरून काहीतरी झालं, ते पडदे विरून त्यांची फडकी झाली, फडकीही संपली, पण अबोला टिकला. माल चांगला होता. तेव्हापासून दोघींमधला सगळा व्यवहार माझ्यामार्फत चालतो. दोघी एकाच टेबलाशी बसलेल्या असतात. आई म्हणते, "तिला सांग, चहात साखर जास्त झालीय." मी मान वळवून बायकोला सांगतो, "साखर जास्त झालीय." बायको म्हणते, "त्यांना सांगा, साखर घातलेलीच नाही." मी मान पुन्हा वळवतो. अशाने माझी मान आखडते. पण मी नसेन तर या घराचं कसं होईल, या विचाराने मी ते दुखणं कधी कोणाला सांगितलं नाही.

त्या दिवशी जेवताना मी चंद्राची बातमी फोडली. मला वाटलं, दोघी उठून उभ्या राहतील. बायको उठली खरी, पण भांडी घेऊन.

"पुस्तकं आहेत तिथे राहू देत की," ती म्हणाली. "चंद्रावर जाऊन वाचणार कोण?"

"वाचण्यासाठी नाही, टिकण्यासाठी आहे ते," मी म्हणालो.

त्यावर आई म्हणाली, "तिला सांग, या बाबतीत तिचं बरोबर आहे."

माझा घास हातात राहिला. माझ्या आठवणीत आईने बायकोला बरोबर म्हटल्याची ही पहिलीच वेळ. मी निरोप पोचवायलाही विसरलो. मग मी मनाशी म्हटलं, दोघींना पुस्तकं घरी वाचायला मिळतात म्हणून ही कुरकुर. रोज सकाळी आईचं वाचून झालेलं पुस्तक मी खाली नेतो, शिक्का मारतो, तेच पुस्तक संध्याकाळी बायकोसाठी वर आणतो, पुन्हा शिक्का मारतो. बायकोचं झालं की आई तेच पुन्हा मागते. वाचायला काय, दुसरं काहीतरी वाचतील. मी कंपनीच्या कागदांवर सही केली. कागद बरेच होते आणि अक्षर बारीक होतं. सही करणारा माणूस कागद वाचत बसला तर कुठलंच खातं चालणार नाही.

कंपनीची माणसं आली. सोबत एक भलंमोठं यंत्र. त्यांतल्या एकाने कपाटातून पहिलं पुस्तक काढलं, जाडजूड, काळ्या कापडी बांधणीचं, माझं फार लाडकं. वाचलेलं नाही, पण लाडकं. त्याने ते यंत्राखाली सरकवलं, दांडा ओढला. खच्च! पुस्तकाची पाठ कापून खाली पडली आणि पानं सुटी झाली.

मी ओरडलो. नेमकं काय ओरडलो ते आठवत नाही, पण अध्यक्ष लिफ्टने खाली आले.

"काका, असंच असतं," तो माणूस शांतपणे म्हणाला. "पानं सुटी केल्याशिवाय यंत्रात भराभर जात नाहीत. तुम्ही सही केलीय ना? पान नऊ, कलम चार."

"आणि नंतर पुन्हा बांधणार?"

"नंतर लगदा."

मी खुर्चीत बसलो. रद्दीतून वाचवायला निघालेली पुस्तकं मीच कत्तलखान्यात आणून उभी केली होती. खच्च, खच्च, खच्च. दिवसभर तो आवाज चालला. माझ्या डोळ्यांदेखत कपाटं रिकामी झाली आणि पोती भरली. पानं उडत होती, एकमेकांत मिसळत होती, कादंबरीतलं लग्न हिशेबशास्त्राच्या पोत्यात जात होतं. अध्यक्ष रिकाम्या भिंतीचं पावलांनी माप घेत होते. मी स्वतःला बजावत राहिलो, शरीर जातं, आत्मा राहतो. आत्मा चंद्रावर जाणार आहे. पण खरं सांगतो, मला रडू येत होतं.

मग कंपनीचं पत्र आलं. कंपनीच्या बाईंनी भेटायला बोलावलं होतं. त्यांच्या टेबलावर नमुन्यादाखल काढलेल्या काही सुट्या पानांच्या छायाप्रतींचा एक गठ्ठा होता.

"सर, तुमच्या पुस्तकांत शेरे आहेत," त्या म्हणाल्या.

"कुठल्या पुस्तकात?"

"सगळ्यांत."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. आमच्या ग्रंथालयात 'पुस्तकात लिहू नये' अशी पाटी मी स्वतः लावली आहे. बाईंनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. वर त्या पाटीचाच फोटो होता. पाटीखाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मग कुठे लिहावे?' आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'समासात.'

मी पुढची पानं उलटली. एका रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर, 'खून वकिलाने केला आहे. वेळ वाचवा.' त्याखाली, 'चूक. वकिलाच्या बायकोने. नीट वाचत चला.' त्याखाली, 'वकिलाच्या बायकोने का नाही करणार? वकील बघितलात का?' एका अर्थशास्त्राच्या ग्रंथात, बाराव्या पानावर, 'मी इथपर्यंत आलो. पुढे जाणाऱ्याने घरी कळवून जावे.' आरोग्यावरच्या पुस्तकात आळसावर एक प्रकरण होतं, त्याच्या डोक्यावर ठळक, 'अध्यक्षांना वाचून दाखवणे. स्वतः वाचणार नाहीत.' दातांच्या पुस्तकात, 'दुसऱ्या मजल्यावर जाण्यापेक्षा दोरा आणि दाराची कडी बरी.' मी थक्क झालो. वर्षानुवर्षं ही सगळी इमारत माझ्या शिक्क्याखाली, माझ्या नाकाखाली, एकमेकांशी गप्पा मारत होती. जिन्यात भेटल्यावर 'काय, बरं आहे ना' यापलीकडे न जाणारी माणसं समासात गळ्यात गळे घालून बसली होती. आणि ज्याला यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं असा माणूस इमारतीत एकच होता. तो मानद सचिव होता.

मग पुढचं पान आलं.

कुठल्याशा कादंबरीचा नायक दारात उभा होता आणि आत जावं की बाहेर, हे त्याला ठरवता येत नव्हतं. समासात बायकोचं अक्षर. गोल, जरा उजवीकडे कललेलं. 'हे अगदी आमच्याकडचं.' त्याखाली आईचं अक्षर, उभं, टोकदार. 'लहानपणापासून असाच. शाळेच्या दारात उभा राहायचा.' पुन्हा बायको. 'आता फ्रिजच्या दारात उभे राहतात.'

मी पान उलटलं. दुसरं पुस्तक. आई, 'आवाज बापावर गेलाय. अक्कल कोणावर गेली, कळत नाही.' बायको, 'आई, तुमच्यावर नाही ना?' आई, 'नाही गं, माझी माझ्याजवळच आहे.'

प्रवासवर्णनात बायको, 'हे म्हणतात, पुढच्या वर्षी नक्की नेतो.' आई, 'मलाही म्हणाला होता. वर्ष कोणतं, ते लिहून घे.'

"सर, पाणी देऊ का?" बाईंनी विचारलं.

मी मान हलवली. ज्या दोघींमध्ये मान वळवून वळवून माझी मान मोडायची वेळ आली, त्या दोघी समासात मैत्रिणी होत्या! साखर जास्त झाल्याचे निरोप माझ्याकडून, आणि मनातलं सगळं पेन्सिलीने. आणि ही टपालाची पिशवी रोज सकाळ-संध्याकाळ कोण वाहत होतं? मी. वर शिक्काही मारत होतो.

एका पानावर मी थांबलो. बायकोने लिहिलं होतं, 'आई, गुडघ्याचं औषध संपलंय का? जिना चढताना भिंत धरता.' आईने लिहिलं होतं, 'त्याला सांगितलंय.' त्याखाली बायको, 'मग आज मीच आणते.' त्या औषधाचं मी साफ विसरलो होतो. आणि आईने पुन्हा मागितलं नाही, तेव्हा गुडघा आपोआप बरा झाला असं समजून मी चारचौघांत सांगितलंही होतं. मला तिथे बसल्या जागी फार वाईट वाटलं. राग आला होता तो कुठे गेला, कळलं नाही. थोड्या वेळाने परत आला, पण पूर्वीइतका नाही.

"तर अडचण अशी आहे," बाई म्हणाल्या, "की छापील मजकूर ठीक. पण हाताने लिहिलेलं हे ज्याने लिहिलं त्याचं लिखाण. ज्याचं लिखाण, त्याची संमती. शुक्रवारपर्यंत सगळ्यांच्या सह्या नाही आल्या, तर तुमचं ग्रंथालय यानातून बाद."

"पुसून टाका ना सगळं!" मी म्हणालो. जरा जास्तच उत्साहाने म्हणालो.

"पानोपानी आहे सर. पुसत बसलो तर हे यान जाईल, पुढचंही जाईल."

"मग पुस्तकं परत द्या."

बाईंनी भिंतीशी ठेवलेल्या पोत्यांकडे बोट दाखवलं. परत काय देणार? पोती? म्हणजे सह्या मिळाल्या नाहीत, तर ग्रंथालय ना तळमजल्यावर, ना चंद्रावर, ते माझ्या हातून कायमचं संपलेलं. आणि सह्या मिळाल्या, तर मी फ्रिजच्या दारात उभा राहतो ही गोष्ट कोट्यवधी वर्षं टिकणार. पृथ्वी बुडेल, माणूसजात संपेल, कुठून तरी कोणी परके जीव येतील, चकती उघडतील आणि म्हणतील, अक्कल कोणावर गेली कळत नाही. आणि हे होऊ दे म्हणून दारोदार विनवण्या करायच्या कोणी? मीच.

केल्या. काय करणार! पहिले अध्यक्ष. त्यांना आळसावरचं पान दाखवलं. ते लाल झाले, हस्ताक्षरतज्ज्ञ बोलावतो म्हणाले. मग विमावाल्यांबद्दलचा एक शेरा वाचून इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. "हे मात्र चंद्रावर गेलंच पाहिजे," ते म्हणाले. "कोणी लिहिलं असेल हो?" अक्षर त्यांचंच होतं. सभेच्या इतिवृत्तात ते मी महिन्याच्या महिन्याला पाहतो. पण सही म्हटल्यावर त्यांना अचानक चालायला जायचं आठवलं.

विमावाल्यांनी सगळे शेरे आवडीने वाचले, फक्त स्वतःबद्दलचे सोडून, आणि म्हणाले, "मी आयुष्यात पेन्सिल वापरलेली नाही." दातांच्या डॉक्टरांचं अक्षर तर त्यांच्या औषधाच्या चिठ्ठीमुळे सगळ्या गावाला पाठ. त्यांनी चष्मा लावून पान पाहिलं आणि म्हणाले, "छे, हे माझं नव्हे. माझं असतं तर मला वाचता आलं असतं का?"

जिना संपला. एकही सही नाही. प्रत्येकाला दुसऱ्याचा शेरा चंद्रावर जायला हवा होता आणि स्वतःचा म्हणायला कोणीच तयार नव्हतं.

उरलं माझं घर. मी घसा साफ केला. मी शेरे वाचलेत, हे सांगायचा धीर होईना.

"आई, तू पुस्तकात कधी काही लिहिलंयस का गं?"

"मी?" आई म्हणाली. "माझ्याकडे पेन्सिल कुठेय?" पेन्सिल तिच्या अंबाड्यात खोवलेली होती.

मी बायकोकडे वळलो. "तू?"

"मी कशाला लिहू?" ती म्हणाली. "माझं लिहिलेलं या घरात वाचणार कोण?"

आणि दोघी समोरासमोर बसून इतक्या निर्विकार चेहऱ्याने दोन वेगळ्या भिंतींकडे पाहू लागल्या, की मलाच क्षणभर वाटलं, अक्षरं ओळखण्यात माझी चूक झाली असेल.

शुक्रवारी सकाळी विमावाले जिन्यात भेटले. सल्ला देणाऱ्या माणसाचा सल्ला कधीतरी लागू पडतो, तसा त्या दिवशी पडला. "कोणी घेत नाही ना नावावर?" ते म्हणाले. "मग तुम्ही घ्या. सगळे शेरे तुमचे. एक सही, काम खलास. नाहीतरी निम्मे तुमच्याबद्दलच आहेत."

मी कंपनीत गेलो. कंपनीच्या बाईंना सांगितलं, "हे सगळं मीच लिहिलंय."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सगळं? अक्षरं वेगवेगळी आहेत."

"माझं अक्षर मनःस्थितीप्रमाणे बदलतं."

"आणि 'अक्कल कोणावर गेली, कळत नाही'? तेही तुम्हीच? स्वतःबद्दल?"

"आत्मपरीक्षण," मी म्हणालो. आयुष्यात इतका अपमान मी स्वतःच्या तोंडाने कधी केला नव्हता.  पण मागे भिंतीशी आमच्या ग्रंथालयाची पोती रांगेने उभी होती. एका पोत्यातून काळं कापड डोकावत होतं. मी सही केली. प्रतिज्ञापत्रावर, ठसठशीत, जागच्या जागी. 'वरील सर्व हस्तलिखित मजकूर मी स्वतः लिहिला असून त्याची संपूर्ण जबाबदारी माझी आहे.' बाईंनी उठून माझ्याशी हस्तांदोलन केलं. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी होतं. आदर असावा, असं मी समजतो.

घरी आलो तो मान ताठ करून. इतकी वर्षं या घराचा निरोप्या होतो, आज त्याग करून आलो होतो. दोघी टेबलाशी बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं की मी शेरे वाचलेत, गठ्ठाभर, फ्रिजसुद्धा, आणि तरीही मनात काही न ठेवता, इमारतीची अब्रू वाचवण्यासाठी, तुम्हा दोघींची वाचवण्यासाठी, ते सगळे मी स्वतःच्या नावावर घेतले आहेत. चंद्रावर नाव माझं जाईल. तुम्ही निर्धास्त राहा.

मी कौतुकासाठी थांबलो. 

"माझं लिखाण?" आई म्हणाली. "तुझ्या नावावर?"

"आई, तूच म्हणालीस ना, पेन्सिल नाही..."

"पुस्तकं वाचून वाचून माझ्या डोळ्यांच्या खाचा झाल्या. एकेक वाक्य घोळवून घोळवून लिहायचे मी. आणि ते तुझं? तू एक पुस्तक उघडलंयस जन्मात?" आणि मग तिने मान वळवली. माझ्याकडे नाही. सरळ समोर. "ऐकलंस का गं, काय करून आलाय हा?"

 बायकोने आईकडे पाहिलं.

"ऐकलं, आई," ती म्हणाली. "आपलं सगळं खपवलंय यांनी स्वतःच्या नावावर."

"ते प्रवासवर्णनातलंसुद्धा?"

"तेसुद्धा. आणि तुमचं ते अकलेचं."

"अगं, ते तर माझं सगळ्यांत चांगलं होतं!"

मी खुर्ची ओढून दोघींच्या मध्ये बसायला गेलो, सवयीने. बायको म्हणाली, "अहो, जरा सरका, आई दिसत नाहीत." मी सरकलो. दोघी बोलत होत्या. माझ्याविरुद्ध बोलत होत्या, पण एकमेकींशी बोलत होत्या, तोंडाने, वाक्य संपायच्या आत दुसरीने उचलत, जणू ते पडदे घरात कधी आलेच नव्हते. साखरेचं निघालं, गुडघ्याचं निघालं, माझ्या लहानपणाचं निघालं. मला कोणी कोणाला काही सांगायला सांगितलं नाही. माझी मान मोकळी होती आणि तिचं काय करावं हे मला कळत नव्हतं. इतका धक्का मला पुस्तकं कापली तेव्हाही बसला नव्हता.

मग आई एकदम थांबली.

"अगं, एक राहिलंच. शेवटच्या कादंबरीत मी तुला विचारलं होतं बघ, याच्याबद्दल. इतकी वर्षं कशी काढलीस म्हणून. तू काही लिहिलं होतंस का? माझ्या हाती यायच्या आत या मेल्याने पुस्तक कापायला दिलं."

"लिहिलं होतं ना," बायको म्हणाली.

"काय?"

बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग उठली, टेबलाला वळसा घालून आईच्या बाजूला गेली, वाकली आणि तिच्या कानात काहीतरी म्हणाली. फार मोठं नसावं. आईने आधी तोंडावर हात धरला, मग दोघी हसू लागल्या. हसता हसता आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिने बायकोच्या पदराला पुसलं. आईचं पाणी हसण्याचं होतं की आणखी कशाचं, ते मला कळलं नाही, आणि बायकोही डोळे पुसत होती.

"काय लिहिलं होतंस?" मी विचारलं.

"तुला काय करायचंय?" आई म्हणाली.

"तुम्हाला काय करायचंय?" बायको म्हणाली.

पोत्यांचा लगदा झाला. यान गेलं. चकती चंद्रावर व्यवस्थित पोचल्याचं कंपनीने कळवलं, आणि ती वाचायला तिथे सूक्ष्मदर्शक घेऊन जावं लागेल, असंही कळवलं. बायकोचं ते उत्तर बाईंच्या गठ्ठ्यात नव्हतं, पण कागदोपत्री ते माझं आहे. माझ्या सहीनिशी, माझ्या संपूर्ण जबाबदारीवर, पुढची कोट्यवधी वर्षं. त्यात काय लिहिलंय, ते मला अजून माहीत नाही.